दोन सनांच्या मधली वर्षं: विज्ञानाच्या पाठ्यपुस्तककारांना खुलं पत्र

विज्ञानाची पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि त्यांचा आराखडा ठरवणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

जीवशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात, बहुधा शेवटच्या दोन-तीन धड्यांत, एक चौकट असते. 'वैद्यकशास्त्र व जैवतंत्रज्ञानातील महत्त्वाचे टप्पे.' डावीकडे सन, मधे शोध, उजवीकडे शास्त्रज्ञाचं नाव. १७९६, देवीची लस, एडवर्ड जेन्नर. १९२१, इन्सुलिन, बँटिंग आणि बेस्ट. १९२८, पेनिसिलीन, अलेक्झांडर फ्लेमिंग. १९५३, डीएनएची रचना, वॉटसन आणि क्रिक. मुलं हे घोकतात, जोड्या लावतात, गुण मिळवतात आणि परीक्षा संपली की विसरतात. विसरण्याबद्दल माझी तक्रार नाही. सनावळ्या विसरण्यासाठीच असतात. तक्रार आहे ती विसरल्यानंतर मागे काय उरतं याबद्दल. सन पुसले जातात, पण त्या चौकटीने मनात बसवलेली एक समजूत जन्मभर टिकते: कुणा हुशार माणसाला एके दिवशी काहीतरी सुचलं आणि लगेच लोक बरे व्हायला लागले.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. आपल्यापुढे माझं मागणं एकच आहे. या चौकटीत एका सनाऐवजी दोन सन द्या. पहिला, गोष्ट कळली तेव्हाचा. दुसरा, ती साध्यासुध्या रुग्णापर्यंत पोचली तेव्हाचा. आणि दोहोंच्या मधे एक ओळ: या काळात काय अडलं होतं. नावांचा रकाना आहे तसा राहू द्या, फक्त थोडा रुंद करावा लागेल.

पेनिसिलीनपासून सुरुवात करते, कारण ती ओळ सगळ्यांनाच पाठ आहे. सप्टेंबर १९२८. फ्लेमिंग सुट्टीहून लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या आपल्या प्रयोगशाळेत परतला. जिवाणू वाढवलेल्या एका बशीत बुरशी आलेली त्याला दिसली, आणि बुरशीच्या आसपासचे जिवाणू विरघळलेले दिसले. इथवर सगळं खरं आहे. चौकट इथेच थांबते. पण फ्लेमिंगच्या हाती लागलं होतं ते औषध नव्हतं, तो बुरशीचा पातळ, अशुद्ध आणि लवकर निकामी होणारा रस होता. क्रॅडॉक आणि रिडली या त्याच्या दोन साहाय्यकांनी त्यातला गुणकारी भाग वेगळा काढायची खटपट केली, पण जमलं नाही. १९२९ साली फ्लेमिंगने निबंध छापला आणि पुढे तो इतर कामांत गुंतला. १९३० साली शेफील्डमधल्या सेसिल पेन या डॉक्टरने तोच कच्चा रस तान्ह्या बाळांच्या डोळ्यांच्या संसर्गावर वापरून पाहिला आणि डोळे बरे झाले. म्हणजे पेनिसिलीनने माणूस बरा होतो हे त्याच वर्षी एका माणसाने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने ते छापलंच नाही. तो दुसऱ्या विषयाकडे वळला.

एका मुलीने मला भर वर्गात विचारलं होतं, "बाई, १९२८ साली औषध सापडलं होतं ना, मग युद्ध सुरू झालं तेव्हा जखमा चिघळून सैनिक का मरत होते?" प्रश्न अगदी रास्त होता आणि पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. उत्तर ऑक्सफर्डमध्ये आहे, आणि त्यातला मोठा भाग अशा एका माणसाजवळ आहे ज्याचं नाव मी आजवर एकाही शालेय चौकटीत पाहिलेलं नाही: नॉर्मन हीटली.

हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन या ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी १९३०च्या दशकाच्या शेवटी फ्लेमिंगचा निबंध पुन्हा उघडला, तेव्हा त्यांच्यापुढची अडचण अगदी हातातली होती. रसात पेनिसिलीन किती आहे हे मोजायचं कसं, आणि ते न बिघडवता बाहेर काढायचं कसं? त्यांच्या चमूतल्या हीटलीने दोन्ही सोडवलं. जिवाणू पेरलेल्या बशीवर त्याने दोन्हीकडून उघड्या अशा छोट्या नळ्या उभ्या केल्या आणि प्रत्येकीत थोडा रस ओतला. दुसऱ्या दिवशी नळीभोवती जिवाणू नसलेलं वर्तुळ किती रुंद झालंय ते मोजायचं. वर्तुळ जितकं मोठं तितकं पेनिसिलीन जास्त. वाचायला सोपं वाटतं, पण या मोजपट्टीशिवाय पुढचं कुठलंच पाऊल पडलं नसतं, कारण आज केलेला बदल कालच्यापेक्षा बरा की वाईट हेच कळलं नसतं. काढण्याची युक्तीही तितकीच साधी होती. रस थंड आणि आम्लयुक्त करून ईथरबरोबर घुसळला की पेनिसिलीन ईथरमध्ये जातं, हे कळलं होतं. अडत होतं ते पुढे, ईथरमधून परत काढताना. हीटलीचं म्हणणं, ते किंचित अल्कधर्मी पाण्याबरोबर घुसळा, म्हणजे पेनिसिलीन पुन्हा पाण्यात उतरेल. तसंच झालं.

२५ मे १९४०, शनिवार. आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा जीवघेणा डोस टोचला. त्यांतल्या चौघांना पेनिसिलीन दिलं. हीटली रात्रभर थांबला. पहाटे पावणेचारपर्यंत पेनिसिलीन न मिळालेले चारही उंदीर मेले होते. उरलेले चार जिवंत होते. तोवर बाहेर युद्धाने इंग्लंडचा गळा धरला होता, काचेची नि धातूची भांडी मिळणं मुश्कील. बुरशी वाढवायला मग काय वापरलं? रुग्णाच्या खाटेखाली ठेवतात त्या चपट्या भांड्याच्या धर्तीवर हीटलीने चिनी मातीची भांडी आखली आणि कुंभारकामाच्या कारखान्यातून शेकड्यांनी बनवून आणली. त्यांची देखभाल करायला तरुण मुली नेमल्या. विद्यापीठाची प्रयोगशाळा बुरशीचा कारखाना झाली.

आणि एवढं करूनही? फेब्रुवारी १९४१मध्ये ऑक्सफर्डमधल्या एका पोलिसाला, ज्याचा चेहरा संसर्गाने सडत चालला होता, पहिल्यांदा पेनिसिलीन टोचलं. तो झपाट्याने सुधारला. चारपाच दिवसांत साठा संपला. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं पेनिसिलीन प्रयोगशाळेत नेऊन, शुद्ध करून, पुन्हा त्यालाच टोचलं. तेही पुरलं नाही. संसर्ग उलटला आणि १५ मार्चला तो गेला. औषध लागू पडत होतं. कमी पडलं ते प्रमाण. त्यानंतर त्यांनी लहान मुलांवर उपचार करायचं ठरवलं, कारण मुलांना डोस कमी लागतो. हा निर्णय घेताना त्या खोलीत काय वातावरण असेल याची कल्पना मी मुलांना करायला सांगते. ती अर्धा मिनिट गप्प होतात. एका सनाच्या चौकटीने कधी कुणी गप्प झालेलं मी पाहिलेलं नाही.

पुढचा भाग अमेरिकेत, पिओरिया गावच्या शेतकी प्रयोगशाळेत घडला. मक्याचं स्टार्च काढताना उरणारं पाणी बुरशीला मानवतं, त्यात उत्पादन कितीतरी पटींनी वाढतं, हे तिथे कळलं. बुरशीचा जास्त उत्पन्न देणारा वाण सापडला तो बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर. मग उथळ भांड्यांऐवजी मोठमोठ्या टाक्यांत, हवा खेळवत, ढवळत पेनिसिलीन काढायचं तंत्र बसलं. १९४४ साली ते आघाडीवरच्या सैनिकांना पुरेल इतकं तयार होऊ लागलं. १९४५चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. हीटलीला ऑक्सफर्डने १९९० साली मानद वैद्यकीय डॉक्टरेट दिली.

तर माझ्या चौकटीत ही ओळ अशी दिसेल: १९२८ ते १९४४, अडलं ते मोजण्यात, शुद्ध करण्यात आणि पुरेसं बनवण्यात. बस, एवढंच.

इन्सुलिनची गोष्ट याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं की त्याला मधुमेह होतो, हे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी १८८९ सालीच दाखवलं होतं. म्हणजे औषध कुठे दडलंय ते माहीत होतं, आणि तरी ३० वर्षांहून अधिक काळ ते कुणाला नीट बाहेर काढता येईना. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोत १४ वर्षांच्या, हाडांचा सापळा झालेल्या लेनर्ड थॉम्पसनला बँटिंग आणि बेस्ट यांनी बनवलेला अर्क टोचला. साखर थोडीफार उतरली, टोचल्या जागी गळू झालं, उपचार थांबवावा लागला. पुढचे १२ दिवस जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाचे. अल्कोहोलचं प्रमाण एकेक पायरीने वाढवत नेलं तर अशुद्ध द्रव्यं आधी खाली बसतात आणि ठरावीक टप्प्यावर, ९० टक्क्यांच्या थोडं वर, इन्सुलिन बाहेर येतं, हे त्याने शोधून काढलं. २३ जानेवारीला त्याचा अर्क टोचला आणि लेनर्डच्या रक्तातली साखर एका दिवसात ५२० वरून १२० वर आली. तो आणखी १३ वर्षं जगला.

आपल्या चौकटीत 'बँटिंग आणि बेस्ट' एवढंच असतं. प्रत्यक्ष नोबेल मिळालं बँटिंग आणि त्या प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाउड यांना. बँटिंगने आपला वाटा बेस्टला दिला, मॅक्लाउडने कॉलिपला. चौकट नोबेलशीही जुळत नाही आणि प्रयोगशाळेशीही. मग ती नेमकी कशाशी जुळते, हे मला खरंच कळून घ्यायचं आहे. आणि गोष्ट इथेही थांबत नाही. पुढची ६० वर्षं हे इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतून, टनावारी मालातून काढलं जात होतं. १९७८ साली माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून ते जिवाणूकडून बनवून घेतलं गेलं, आणि १९८२ साली ते औषध म्हणून मंजूर झालं. जैवतंत्रज्ञानाच्या चौकटीत हा टप्पा असतो, पण वैद्यकाच्या चौकटीपासून तुटलेला, जणू दोन वेगळ्या औषधांच्या गोष्टी असाव्यात.

मधली वर्षं नेहमी कारखान्यात अडकतात असंही नाही. कधी ती माणसांच्या डोक्यात अडकतात. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या शल्यवैद्याने स्कर्व्ही झालेले १२ खलाशी निवडले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री-लिंबं मिळालेली जोडी लक्षात येण्याइतकी सुधारली. इंग्लंडच्या आरमाराने खलाशांना लिंबाचा रस द्यायचा हुकूम काढला तो १७९५ साली, लिंड वारल्यानंतर. दरबारी अनास्था, हे नेहमीचं कारण यात आहेच. पण एक गंमत अशी की लिंडने स्वतःच रस आटवून टिकाऊ करायची शिफारस केली होती, आणि आटवताना त्यातला उपयोगी अंश बराचसा नष्ट होत होता. हे त्याला कळणं शक्य नव्हतं. क जीवनसत्त्व ही कल्पनाच तेव्हा नव्हती. मुलांना हे सांगितलं की 'लोक मूर्ख होते' या निष्कर्षावर ती उडी मारत नाहीत.

देवीच्या लशीचं तर काय सांगावं. जेन्नरने १४ मे १७९६ रोजी आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला गोस्तनदेवीचं, म्हणजे गायींना होणाऱ्या देवीसारख्या रोगाचं, द्रव्य टोचलं, हे चौकटीत येतं. पण लस समुद्रापलीकडे न्यायची कशी? बर्फ नाही, शीतपेटी नाही, आणि वाळवलेलं द्रव्य प्रवासात निकामी होतं. १८०३ साली स्पेनहून निघालेल्या जहाजावर २२ अनाथ मुलगे होते. दोघांना लस टोचायची, त्यांच्या हातावर फोड आला की नऊ-दहा दिवसांनी त्यातला द्रव पुढच्या दोघांना, मग पुढच्या दोघांना. अशी त्या मुलांच्या दंडांवरून लस अटलांटिक ओलांडून गेली. त्यांची काळजी घ्यायला इसाबेल सेंदाल ही अनाथालयाची व्यवस्थापिका बरोबर होती. मुलांना कुणी विचारलं नव्हतं, हेही शिकवावं. लसीकरणाच्या इतिहासात हे धैर्य आहे आणि ही जबरदस्तीही आहे. एक दाखवून दुसरं झाकता येणार नाही.

त्यानंतरही उष्ण प्रदेशांत टिकणारी गोठवून सुकवलेली लस यायला १९५०चं दशक उजाडलं. पुढे दोन टोकांची सुई आली. थेंबभर लस त्या दोन टोकांत धरली जाते, आणि नवख्या माणसालाही ती टोचायला शिकवता येते. नैसर्गिकरीत्या देवी झालेला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७मध्ये सोमालियात सापडला. ८ मे १९८० रोजी रोगाचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. १७९६ ते १९८०. या १८४ वर्षांसाठी चौकटीत एक सन पुरतो असं आपल्याला खरंच वाटतं का?

आता जलसंजीवनीबद्दल, कारण ती बहुतेक चौकटींत नसतेच. तिच्यात यंत्र नाही, जनुक नाही, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं काही नाही. पण कळणं आणि पोचणं यांतलं अंतर कसं मिटतं हे तिच्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेताना त्याच्याबरोबर सोडियमही ओढून घेतात आणि मागोमाग पाणी येतं, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. पटकीत (कॉलऱ्यात) आतड्यातून पाणी धो-धो वाहत असतानाही ही वाट शाबूत राहते. १९६८ साली ढाक्यातल्या चाचण्यांत पटकीचे रुग्ण तोंडाने दिलेल्या साखर-मिठाच्या पाण्यावर सावरतात हे दिसलं. तरीही 'खरा' उपचार म्हणजे शिरेतून सलाइन, बाकी सगळं तात्पुरतं, हीच वैद्यकाची समजूत कायम होती.

१९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. तिथले डॉक्टर दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाइन संपत आलं होतं. रुग्ण जमिनीवर, घाणीत पडलेले. त्यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या बांधून घेतल्या. पॉलिथीनच्या पिशव्या तापलेल्या इस्त्रीने सील केल्या होत्या. हे पाणी रुग्णांना पाजायचं काम त्यांनी नातेवाइकांवर सोपवलं. डॉक्टर-परिचारिकांनी करायचं काम अशिक्षित आई करू शकते, हा यातला खरा प्रयोग होता, रसायनाचा नव्हे. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते या उपचारावरच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आलं. तरी अनेक तज्ज्ञ पुढची काही वर्षं साशंक राहिले. १९७८च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने अतिसारनियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला आणि मग पुड्या जगभर गेल्या. इथे अडलं होतं ते काय? विश्वास. लोकांवरचा विश्वास.

इथवर वाचून आपल्याला वाटेल की ही बाई प्रत्येक विलंबाला गुन्हा ठरवायला निघाली आहे. तसं नाही. काही विलंब म्हणजेच काम असतं.

१२ एप्रिल १९५५ रोजी साल्क यांच्या पोलिओ लशीच्या प्रचंड चाचणीचे निकाल जाहीर झाले आणि अमेरिकेत त्याच दिवशी लशीला परवाना मिळाला. चर्चच्या घंटा वाजल्या, लोक रडले. थोड्याच दिवसांत कळलं की कटर कंपनीने बनवलेल्या लशीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू राहून गेला आहे. विषाणू मारण्यासाठी फॉर्मॅल्डिहाइड वापरत, पण द्रवात पेशींच्या अवशेषांच्या गुठळ्या असल्या तर आत दडलेल्या विषाणूपर्यंत ते पोचत नाही. दीडशेहून अधिक लोकांना कायमचा लुळेपणा आला, दहाजण दगावले. त्यानंतर लस गाळायचे, तपासायचे नियम कडक झाले आणि तीच लस सुरक्षित झाली. आपण आपल्या चौकटीत 'पोलिओ लस, १९५५, जोनास साल्क' असं लिहितो, आणि या सगळ्याला जागा नसते.

उलट टोकाला फ्रान्सिस केल्सी. १९६० साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेत ती नवीनच रुजू झाली होती आणि थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाच्या परवान्याचा अर्ज तिच्या टेबलावर आला. युरोपात ते औषध सर्रास विकलं जात होतं. तिला सुरक्षिततेचा पुरावा अपुरा वाटला. कंपनी तगादा लावत होती, ती आणखी माहिती मागत होती. १९६१च्या शेवटी जर्मनीत उघड झालं की गरोदरपणात हे औषध घेतलेल्या स्त्रियांची बाळं हातापायांशिवाय जन्मत आहेत. जगभरात अशी दहा हजारांहून जास्त बाळं जन्मली. अमेरिकेत ती फार थोडी होती. केल्सीने काहीही शोधलं नाही, म्हणून ती कुठल्याही चौकटीत बसत नाही. 'मधे काय अडलं' असा रकाना असेल तर तिला तिथे मानाची जागा देता येईल: एका बाईने सही केली नाही, म्हणून अडलं.

हे सगळं शाळेतल्या मुलांना कशाला, असा प्रश्न येईल. त्याचं उत्तर २०२० सालाने दिलं आहे. कोविडच्या विषाणूची जनुकीय मांडणी जानेवारीत जगापुढे आली आणि डिसेंबरात लोकांना एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणारा रेणू) वापरून केलेली लस मिळू लागली. ज्यांनी शाळेत एकाच सनाची चौकट घोकली होती त्यांना वाटलं, हे अकरा महिन्यांत कसं झालं, नक्कीच काहीतरी गडबड आहे. शंका घेणाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही. आपणच त्यांना शिकवलं होतं की शोध म्हणजे एक तारीख. प्रत्यक्षात एमआरएनए हा रेणू १९६१ साली ओळखला गेला. तो शरीरात टोचला की प्रतिकारयंत्रणा खवळते, ही अडचण काटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी त्यातला एक घटक बदलून सोडवली, ती २००५ साली. त्याआधी दहा वर्षं कारिकोला याच कामापायी विद्यापीठात खालच्या पदावर ढकललं गेलं होतं. हा नाजूक रेणू पेशीपर्यंत नेणारे चरबीचे सूक्ष्म कण वेगळ्याच लोकांनी, वेगळ्याच औषधासाठी तयार केले. त्यांवर आधारलेलं पहिलं औषध २०१८ साली मंजूर झालं. विषाणूच्या काट्यातलं प्रथिन योग्य आकारात गोठवून ठेवायची युक्ती आधीच्या दुसऱ्या विषाणूंवरच्या कामातून आली होती. सन लिहायचे तर १९६१ ते २०२०. हे पुस्तकात असतं, तर निदान काही घरांतले वाद टळले असते असं मला वाटतं.

नावांच्या रकान्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर इतरांनी लिहिलेलं आहे. डीएनएच्या ओळीत रोझलिंड फ्रँकलिनचं नाव आता काही पुस्तकांत येऊ लागलंय, बरं आहे. डीएनएच्या रचनेचा धागा देणारं ते प्रसिद्ध क्ष-किरण छायाचित्र मे १९५२मध्ये प्रत्यक्ष घेणारा तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग अजून बाहेरच आहे. हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रीच्या शरीरातून १९५१ साली तिला न विचारता घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. पेशीसंवर्धनाच्या ओळीत तिचं नाव नसेल तर ती ओळ खोटी आहे, एवढंच म्हणते.

आणखी एक. दुसरा सन प्रत्येक वेळी लिहिता येणार नाही, आणि तो रिकामा ठेवायला आपण कचरू नये. दात्रपेशी (सिकल सेल) रक्तक्षयाचं पहिलं वर्णन १९१० साली झालं. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. १९५६-५७ साली व्हर्नन इन्ग्रॅमने तो दोष नेमका पकडला: एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं. क्रिस्पर ही जनुक कापायची कात्री २०१२ साली हाती आली. २०२३च्या शेवटी तिच्यावर आधारलेला उपचार मंजूर झाला. तो मूळ चूक दुरुस्त करतच नाही. गर्भात असताना तयार होणारं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो, म्हणजे चुकीला वळसा घालतो. त्यासाठी रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून, त्यांत बदल करून, अस्थिमज्जा औषधांनी रिकामी करून त्या परत सोडाव्या लागतात. मंजुरीच्या वेळी अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती. हा आजार ज्या प्रदेशांत सर्वाधिक आहे तिथल्या बहुतेक रुग्णांपर्यंत तो पोचलेला नाही. तर दुसरा सन? तिथे रेघ मारा. आज हे पुस्तक वाचणाऱ्या कुणीतरी तो भरायचा आहे, आणि त्याला निदान जागा रिकामी आहे हे तरी दिसू द्या.

आपल्या अडचणी मला ठाऊक आहेत. पानं मोजून मिळतात, अभ्यासक्रम आधीच फुगलेला आहे, आणि जे परीक्षेत विचारलं जात नाही ते मुलं वाचत नाहीत, शिक्षकही शिकवत नाहीत. म्हणून वीस टप्प्यांची चौकट सहा टप्प्यांची करा. चौदा नावं गेल्याने कुणाचं काही बिघडणार नाही. पुढच्या आवृत्तीत तेवढंही जमत नसेल तर शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत तरी हे रकाने द्या. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची सोय म्हणून स्वाध्यायासाठी दोन नमुना प्रश्न मीच देऊन ठेवते. भाषा हवी तशी सुधारून घ्यावी.

प्र. १. पेनिसिलीनचा परिणाम १९२८ साली दिसला, तरी १९४१ साली पहिला रुग्ण साठा संपल्यामुळे दगावला. मधल्या काळात कोणत्या दोन गोष्टी साध्य झाल्या आणि कोणती साध्य व्हायची राहिली होती? (गुण ४)

प्र. २. पोलिओ लशीला १९५५ साली एका दिवसात परवाना मिळाला. थॅलिडोमाइडला अमेरिकेत तेव्हा मिळाला नाही. या दोन निर्णयांची तुलना करा. तुम्ही त्या टेबलावर असता तर कोणती माहिती मागितली असती? (गुण ५)

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका